आतून लावायची कडी

नेवासा
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत ते आधी कळव, बाकी सगळं नंतर. पुणतांब्याला थंडी पडली असेल. नदीकाठी ती जरा लवकरच येते. इकडे दुपारी अजून ऊन लागतं आणि पहाटे गोधडी पुरत नाही, असं चाललंय.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. आमचं घर तू पाहिलं आहेस. शिंगणापूरसारखीच आमच्या वस्तीवरही घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. कुत्री येऊ नयेत म्हणून रात्री फळी टेकवायची, एवढंच. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला त्याचं कोण कौतुक होतं. पण दार नसलेल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांचं होतं, आणि माझा मोबाईल ज्याच्या हाताशी येईल तो उचलतो. म्हणून शाळेत, मधल्या सुटीनंतरच्या मोकळ्या तासाला लिहायला बसले आहे. उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर पाठव.

आनंदाची बातमी ही की पुढच्या महिन्यात नगरला मराठीच्या शिक्षकांचा मेळावा आहे आणि त्यात मला बोलायला सांगितलंय. विषय आहे ‘अभिजात साहित्यातली किशोरवयीन मुलं आणि त्यांचं बंड’. तू मला वाचायला शिकवलंस म्हणून हे पहिल्यांदा तुलाच कळवते. ग्रंथालयातून जुनी पुस्तकं आणून पुन्हा वाचते आहे. बापाचा शब्द मोडणारी मुलं, गुरूला उलटा प्रश्न विचारणारी, ठरलेल्या लग्नातून उठून जाणारी. जुन्या लेखकांचा या मुलांवर फार जीव. पण त्यांना शेवट दोनच ठाऊक. एक तर मूल मरतं आणि मग मोठी माणसं रडतात. नाहीतर मूल शहाणं होऊन परत येतं आणि मोठी माणसं क्षमा करतात. दोन्हीकडे मोठ्यांचं फारसं काही बिघडत नाही. भाषणाची सुरुवात इथूनच करावी म्हणते.

आमच्या घरी मात्र बंड झालं ते एका कडीवरून. ऐकून हसशील.

दिवाळीनंतर सृष्टीनं धोशा लावला, माझ्या खोलीला दार पाहिजे. स्वयंपाकघराशेजारची ती छोटी खोली, पडदा लावलेली, तिथं ती अभ्यास करते, तिथंच झोपते. दहावीचं वर्ष, एकाग्रता होत नसेल असं मला वाटलं. मी नाही म्हटलं. मग एक दिवस नेवाशातून कडी विकत घेऊन आली आणि स्क्रू पिळून रिकाम्या चौकटीलाच लावली. आतल्या बाजूनं.

मी म्हटलं, “अगं, दारच नाही तर कडी कशाला लावतेस?”

“दार येईल नंतर,” ती म्हणाली.

संध्याकाळी मामंजींनी ती पाहिली. तुला ठाऊक आहे, माझे सासरे रोज पायी देवाला जातात, आजारपणातसुद्धा चुकवत नाहीत.

“सृष्टे, हे काय लावलंस गं?”

“कडी हाय, आजोबा.”

“ह्या घराला फळीबिगर कायबी लागलं न्हाई आजवर. कडी लावायची म्हंजे देवाला सांगायचं, तुझा भरोसा न्हाई. आन शेजाऱ्याला सांगायचं, तू चोर हायेस.”

“शेजाऱ्याला कोण म्हणतंय?”

मामंजींनी पेचकस आणून कडी काढायला घेतली. ती तिथंच उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “आजोबा, चोरी करून जाणाऱ्याची वाट देव अडवतो ना? मग जो काहीच उचलून नेत न्हाई, त्याला देव काय करतो?”

“काय नेत न्हाई तर त्यो चोर कसला?” मामंजी हसले. “त्यो पाव्हणा.”

सगळेच हसले. गहिनीनाथभावजी तर सगळ्यांत जास्त. “वहिनी, ही पोरगी वकील होनार बघा तुमची,” म्हणाले. माझ्या ह्या धाकट्या दिराला तू लग्नात पाहिलं असशील, गोड बोलणारे. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान चांगलं चाललंय. त्यांची बायको दिवाळीला माहेरी गेली ती अजून आली नाही, काय झालं ते कुणी सांगत नाही. त्यामुळे हल्ली ते शनिवारीसुद्धा, दुकानावर ऐन गर्दी असताना, दुपारी जेवायला घरी येतात. घरचं गरम लागतं म्हणतात.

तर असं आमचं बंड. कडीचं मी फार मनावर घेतलेलं नाही. या वयात होतं असं.

उत्तर लिही.

तुझी
सविता


नेवासा
९ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींचं. त्यात गुडघ्यांचं काही नाही, भाषणाचं काही नाही, फक्त एकच प्रश्न: ‘कडी तिला कशासाठी हवी आहे?’

सांगते.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळे ह्यांची पाळी कधी दुपारची, कधी रात्रीची. घरी असतात तेव्हा झोपलेले असतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि आम्हा दोघींना शाळेला उशीर होतो. सासूबाईंचा, आमच्या आत्याबाईंचा, खोकला उतरत नाही, पण शनिवारी दुकानावर मदतीला बसायचं काही त्या सोडत नाहीत. मामंजींचं देवळात चाललेलं असतं. मला शनिवारी सकाळची शाळा, मग नववीचे जादा तास. सृष्टीचा वर्ग त्या दिवशी आधी सुटतो, म्हणून ती एकटीच पुढं घरी जाते.

भाषण बरंच लिहून झालं. एक नवीन गोष्ट सापडली, तुला आवडेल. या सगळ्या जुन्या पुस्तकांत मूल उलटून बोललं की मोठी माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात: हे तुला कुणी शिकवलं? राजा असो, बाप असो, गुरू असो. मूल आपल्या मनानं काही करू शकतं, हेच त्यांना पटत नाही. आमच्याकडेही तसंच झालं. आत्याबाई सृष्टीला म्हणाल्या, “तुज्या आयनं पुस्तकं वाचून शिकीवलं का तुला हे?” आणि मी मनातल्या मनात ते वाक्य भाषणासाठी टिपून घेतलं.

सृष्टीचं वागणं मात्र सुधारलेलं नाही. कडी गेल्यापासून ती झोपताना पडद्यामागं स्टीलच्या ताटांची चळत रचते. कुणी पडदा हलवला की ताटं घरभर वाजतात. मामंजींचा पाय लागला तेव्हा त्यांना वाटलं छप्पर कोसळलं. घरच्यांनी समजावलं, रागावले, ह्यांनी एकदा हातही उगारला. दुसऱ्या दिवशी चळत पुन्हा तिथंच. भावजींनी गेल्या वर्षी घेऊन दिलेली सायकल तिनं गोठ्यात नेऊन लावली, आता हात लावत नाही, फाट्यापर्यंत चालत जाते. भावजींनी खाऊ आणला तर घेत नाही. “लई शिंगं फुटली हिला,” असं आत्याबाई म्हणतात. भावजी रागावत नाहीत. समजूतदार आहेत. “असू द्या, वय हाय,” म्हणतात.

मी तिला भाषण वाचायला दिलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल, आई आपल्या बाजूनं लिहितेय असं दिसेल. तिनं शेवटपर्यंत वाचलं. कागद नीट सरळ करून परत दिले.

“चांगलंय,” म्हणाली.

“एवढंच?”

“आई, तुझ्या पुस्तकांतली सगळी पोरं घराबाहेर पडायला भांडतात.”

“मग?”

“मला घरातच राहायचंय.”

एवढं म्हणून ती उठून गोठ्यात गेली. हल्ली अभ्यास तिथंच करते, गाईच्या गव्हाणीला टेकून. तिथं चारी बाजूंनी उघडं आहे, सगळ्या वस्तीला ती दिसते. थंडीत कशाला बसतेस म्हटलं तर म्हणते, इथं बरंय, सगळ्यांना दिसतं.

परवाच्या शनिवारी जादा तास रद्द झाले आणि मी लवकर घरी आले. उंबऱ्यापाशी भावजींच्या चपला होत्या. ते ओट्याशी उभे राहून स्वतः केलेला चहा पीत होते. आतल्या खोलीत ताटं विखुरलेली. सृष्टी मागच्या हौदावर बसून एक ताट घासत होती. ताट स्वच्छ होतं. मी जवळ गेले तरी ती घासतच राहिली.

“मांजर आलं हुतं वहिनी,” भावजी म्हणाले. “ताटं पाडून गेलं.”

आमच्याकडे मांजर नाही. शेजारचं येतं कधी कधी.

हे मी तुला का लिहिते आहे, मला कळत नाही. विषय भाषणाचा चालला होता. सध्या प्रकृतीही बरी नाही, झोप लागत नाही, त्यामुळे माणूस काहीबाही जोडत बसतं. भावजींनी आमच्यासाठी काय कमी केलंय? सृष्टी लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा भर पावसात तिला दवाखान्यात नेणारे तेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं बघ. पुढच्या पत्रात लिहीन.

सविता


नेवासा
२९ डिसेंबर २०२५, सोमवार

ताई,

आज खुशाली विचारत नाही. शाळा सुटायच्या आत हे पत्र टपालात पडायला हवं.

नगरचा मेळावा वीस तारखेला होता. तोही शनिवारच होता. आदल्या दिवशी सृष्टी म्हणाली, “मला तुझ्याबरोबर ने.” पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. मी म्हटलं, घरी बसून अभ्यास कर, संध्याकाळी येतेच आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. सकाळी मी निघाले तेव्हा ती अंगणात उभी होती आणि शेजारच्या भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे बघत होती.

सभागृह भरलेलं होतं. माझं बोलणं चांगलं चाललं होतं, लोक मान डोलवत होते. आत्याबाईंचं वाक्य सांगितलं तेव्हा हशा पिकला. मग मी पुढचं वाचलं, मीच लिहिलेलं: ‘या मुलांना सगळ्यांनी विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. तू कशाला घाबरतेस, असं एकाही पुस्तकात कुणी विचारलं नाही.’

आणि मला पुढचं दिसेना. अक्षरं होती, पण ती वाचता येईनात. हौदावरचं ते ताट दिसत होतं. समोरच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. मी क्षमा करा म्हणाले, पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर आले.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. भावजी अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. पुढ्यात टरफलांचा ढीग, म्हणजे बराच वेळ बसलेले होते. सृष्टी वर, घराच्या धाब्यावर होती. शिडी तिनं वर ओढून घेतली होती.

“लवकर आलात वहिनी,” ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. “पोरगी बघा कशी वर जाऊन बसलीय. ऊन लागंल तिला. उतरवा खाली.”

“तुम्ही दुकानावर जा,” मी म्हटलं.

“जातो की. शेंगा घ्या.”

त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढं धरले. मी घेतले नाहीत. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग ते दाणे त्यांनी स्वतःच खाल्ले, एकेक करून, आणि मोटारसायकलला किक मारली.

मी खालून म्हटलं, “सृष्टी, शिडी सोड. मी वर येते.”

धाब्यावर आम्ही सूर्य मावळेपर्यंत बसलो. तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. एवढंच लिहिते की दिवाळीपासून ते पडद्याशी येऊन उभे राहत होते, नुसते उभे. नंतर नुसते उभे राहिनासे झाले. “अजून काही केलं नाही,” असं ती म्हणाली. ‘अजून’ हा शब्द तिचा आहे, ताई. पंधरा वर्षांच्या मुलीचा.

मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीस. ती चिडली नाही. तिला खरंच नवल वाटलं.

“सांगितलं की. कडी लावली ना. आपल्या वस्तीवर कडी लावायची म्हणजे घरात कुणीतरी चोर आहे असं म्हणायचं. आजोबापण तेच म्हणाले. मला वाटलं आता सगळे विचारतील, कोण आहे.”

कुणी विचारलं नव्हतं. आम्ही देवाचा मान, घराची रीत, मुलीचं वय, यावरच बोलत राहिलो होतो.

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी शेतात नेऊन सांगितलं. हे बांधावर बसून हातातली काडी मोडत राहिले, बारीक बारीक तुकडे होईपर्यंत.

“त्यो माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय, सविता.”

“सृष्टीपण.”

मग म्हणाले, “पुष्पाताईकडं पाठवू तिला. पेपर झाले की बघू काय ते.”

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. तूही तेच लिहिलं होतंस, पोरीला ताबडतोब माझ्याकडे पाठव. तू मायेनं लिहिलंस. ह्यांनी कशानं म्हटलं ते मला माहीत नाही. पण दोन्ही ऐकल्यावर मला त्या जुन्या पुस्तकांचे शेवट आठवले. मूल घरातून जातं आणि मग घर शांत होतं. जेवणं वेळेवर होतात, ताटं वाजत नाहीत, शनिवारी दुपारी भावजी गरम जेवतात. त्यांची बायको परत येते, उद्या तिला मुलगी होते.

सृष्टीला विचारलं. “मी का जाऊ?” एवढंच म्हणाली.

म्हणून मी दार बसवलं. वस्तीवरचं कुणी तयार होईना, तेव्हा नेवाशाचे बन्सी सुतार आणले. तेही आढेवेढे घेत होते. “बाई, तिथं दार बसवलं तर माज्यावर कोप व्हईल,” म्हणाले. मी म्हटलं, त्याचं पाप मला लागू दे. “असं दुसऱ्याला लागत असतं का,” असं पुटपुटले, पण काल रविवारी भर दुपारी टेम्पोत दार घालून आले. सगळे घरी असतील अशीच वेळ मी निवडली होती. त्यांनी काम करताना वर पाहिलं नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही.

रंधा फिरायला लागला तशी वस्ती अंगणात जमली. मामंजी नव्या दारासमोर जमिनीवर बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांची श्रद्धा खरी आहे. देवावर माझाही राग नाही, त्यानं कधी कुणाला घरातल्या माणसांवर पहारा द्यायचं कबूल केलं नव्हतं.

“घराला डाग लावलास, सूनबाई,” मामंजी म्हणाले.

मग भावजी पुढं आले. नेहमीसारखे हसत, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वहिनी, दार लावलं म्हंजे आता घरात चोर हाय म्हनायचं का?”

“हाय,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. आणि ताई, कुणी ‘कोण’ असंही विचारलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या, पण विचारलं त्यांनीही नाही. हे जमिनीकडे बघत होते. शेजारच्या बायका आपापल्या मुलींना हाताला धरून निघून गेल्या. तेव्हा मला कळलं की कडी त्या दिवशीच सगळ्यांना ऐकू आली होती. सगळ्यात उशिरा मला.

काल सृष्टी आतून कडी लावून झोपली. मी दाराशी अंथरूण टाकलं. सकाळी पाहिलं तर दारावर बाहेरून कोळशानं एक फुली मारलेली. कुणी, ते माहीत नाही. आमच्या घरात बाहेरून कुणीही येऊ शकतं, आणि आतलेही होतेच.

आज संध्याकाळी देवळासमोर बैठक बोलावली आहे. दार काढायचं की आम्हाला, ते ठरणार आहे. ह्यांनी कारखान्यात जादा पाळी मागून घेतली, सकाळीच गेले. सकाळपासून भावजींचे दोन मित्र शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसलेत. चहा पितात, वर बघतात, पुन्हा चहा मागवतात. मी लिहिते आहे ती खिडकी त्यांच्या समोरच आहे.

शाळा सुटली की आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. वर्गातल्या मुलींना मीच सांगत आले आहे की असं काही झालं तर कळवायचं असतं. सृष्टीला पुन्हा पुन्हा विचारलं, ती हो म्हणते आहे. तिथून आम्ही घरीच जाणार. दुसरीकडे कुठंही नाही.

तेव्हा तिला न्यायला येऊ नकोस. राहायला ये.

हे पत्र हातात पडलं की माझ्या मोबाईलवर फोन कर. मी उचलला तर बोलू. सृष्टीनं उचलला तरी चालेल. पण दुसरंच कुणी उचलून ‘इकडं सगळं ठीक हाय’ असं म्हणालं, तर पुढचं काही विचारत बसू नकोस. गुडघ्यांना पट्टी बांध आणि मिळेल त्या गाडीनं नीघ.

तुझी
सविता